चौतीस इस्त्रीवाल्या

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही कार्मेलानं दिली. वाचनालयाच्या संग्रह विभागात काम करते ती. म्हणाली, "लायल, एकेका कागदाबद्दल आठवेल ते लिहून ठेवा. नंतर आम्हाला कोण सांगणार?" नंतर म्हणजे मी मोडेस्टोला बहिणीकडे राहायला गेल्यावर, असं तिला म्हणायचं असावं. मी दुसरा अर्थ काढला नाही. मुलगी चांगली आहे.

जागा ऑक्टोबरअखेर सोडायची. सॅन फ्रान्सिस्कोत आलो तेव्हापासून, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं, मिशन नावाच्या भागात याच तिसऱ्या मजल्यावर काढली. पण आता गुडघे प्रत्येक पायरीला जाब विचारतात. व्हर्नाच्या, म्हणजे बहिणीच्या घरी तळमजल्यावर मला एक खोली आणि एक कपाट मिळणार आहे. कपाटात माझे शर्ट मावले तरी पुष्कळ. इथे अकराशेच्या वर कागद आहेत. पंक संगीताच्या दिवसांतले छापील कागद, कात्री आणि डिंक घेऊन रात्रीत केलेली पोस्टरं, रिकाम्या दुकानांत चार दिवस भरलेल्या प्रदर्शनांची पत्रकं. ज्यांनी केली त्यांनी जपली नाहीत, मी जपली. नकाशे ठेवायची रुंद खणांची कपाटं एका इंजिनिअरच्या बंद पडलेल्या कचेरीतून उचलून आणली, प्रत्येक दोन कागदांमध्ये पातळ कागद घातला, आणि पडदे ओढून घेतले ते आजतागायत. या घरात ऊन येत नाही ते कागदांसाठी. झाडं जगली नाहीत ती त्यापायीच, आणि लग्नही टिकलं नाही ते त्यापायीच, असं व्हर्ना म्हणते.

सगळं वाचनालयाला देऊन टाकतोय. दमलो आता.

५ सप्टेंबर, गुरुवार

कार्मेला दिवसभर होती. हातमोजे, पट्टी, कॅमेरा, सगळा सरंजाम. पहिले तीन खण तिनं शांतपणे पाहिले. चौथा उघडला आणि जमिनीवरच बसली.

चौथ्यात नोरीनच्या इस्त्रीवाल्या आहेत. नोरीन तबाता, माझी जुनी मैत्रीण. १९७९ च्या ऑक्टोबरात तिनं व्हॅलेन्सिया रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या लाँड्रीत पाच दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. पहिलं आणि शेवटचं. त्याचं हे पोस्टर. जुन्या जाहिरातीतली इस्त्री करणारी बाई, कमरेला एप्रन, केसांच्या जागी केस नाहीत, डोकंच नाही, तिथे इस्त्री. नोरीन तेव्हा एका विमा कचेरीत टायपिंग करायची. साहेब घरी गेले की त्यांच्याच यंत्रावर तिनं चाळीस प्रती काढल्या, आणि इस्त्रीतून निघणारी वाफ मात्र प्रत्येकीवर रंगानं, हातानं फवारली. कुठे लाल, कुठे हिरवी, कुठे इतकी की बाईच दिसेनाशी झाली. एक दुसरीसारखी नाही. म्हणून तर मला एकीवर थांबता आलं नाही. गोळा करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

"चौतीस," कार्मेला म्हणाली. "एकाच पोस्टरच्या चौतीस प्रती, आणि रंग कालचे वाटतायत. लायल, वाचनालयात आम्ही प्रदर्शन लावू त्याची पहिली भिंत हीच. ही नसेल तर मी वरिष्ठांना काय दाखवू? बाकीचं खोक्यांत भरून तळघरात ठेवतील ते."

फक्त कलाकार हयात असेल तर त्याची लेखी संमती लागते. मी म्हटलं, हयात आहे, डेली सिटीत राहते, दोन मिनिटांचं काम.

मला खरं काय हवंय ते इथे लिहायला हरकत नाही, वही काही कोणाला सांगत नाही. नोरीननं त्या चौतीस जणींना एका भिंतीवर बघावं आणि म्हणावं, "लायल, तू नसतास तर यातलं काही राहिलं नसतं." एवढंच. एका वाक्यासाठी माणसानं पडदे ओढून राहावं का, हा प्रश्न निराळा.

८ सप्टेंबर, रविवार

नोरीनच्या लाँड्रीतल्या प्रदर्शनाबद्दल आठवेल ते. मी शनिवारी गेलो होतो, शेवटच्या दिवशी, बेकरीतल्या रात्रपाळीची झोप काढून. भिंतींवर तिची चित्रं, बंद धुलाईयंत्रांच्या काचांआड आणखी चित्रं. गर्दी अजिबात नव्हती, त्यामुळे निवांत बघता आलं. नोरीन दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मी तिला म्हटलं, पोस्टर तर फारच झकास झालंय. ती म्हणाली, "पाहिलंस का कुठे?" मी म्हटलं, सगळीकडे. मी कधी खोटं बोलत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत ती दातांच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागली आणि पस्तीस वर्षं कवळ्या केल्या. चित्र पुन्हा काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. कलाकार माणसं लहरी असतात.

११ सप्टेंबर, बुधवार

नोरीनला फोन केला.

"एक सही हवीय तुझी."

"कशावर? मृत्युपत्रावर? काय ठेवलंयस माझ्यासाठी, तुझे ते जुने बूट?"

"तुझ्या इस्त्रीवाल्या प्रदर्शनात लावायच्यात. चौतीसच्या चौतीस."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"किती म्हणालास?"

"चौतीस. उरलेल्या सहा मी अजून शोधतोय."

"मला वाटायचं तुझ्याकडे एखाद-दुसरी असेल."

"बाई गं, आम्ही लोक आकडा सांगत नसतो. सवयच नाही."

"चौतीस तुझ्याकडे आल्या कशा, लायल?"

"गोळा केल्या. आल्या कशा म्हणजे काय?"

ती म्हणाली, येऊन बघते. इतक्या वर्षांत एकदाही हा जिना चढली नव्हती. दरवेळी भेटायचं ते बाहेर, वाढदिवसाला, नूडल्सच्या दुकानात. कागद बघायला चल म्हटलं की "नको रे, जुनं झालं ते" म्हणायची. मला तो विनय वाटायचा. आता येतेय तर आनंदाने यायला हवी होती, पण आवाज काही आनंदाचा वाटला नाही. वय झालं की बातमी पचायला वेळ लागतो बहुतेक.

१७ सप्टेंबर, मंगळवार

कार्मेला प्रत्येक कागदाची अवस्था लिहून घेत होती. चौथ्या खणाशी आल्यावर तिनं भिंग काढलं.

"चारही कोपऱ्यांत स्टेपलची भोकं आहेत. म्हणजे खांबांवर लावलेल्याच या. मग एकीलाही ऊन कसं नाही लागलं? पावसाचा डाग नाही, धुळीचा नाही."

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. तिला सांगितलं, मी तेव्हा बेकरीत रात्रपाळीला होतो. पहाटे पाचला सुटायचो. कणीक खरवडायची पातळ पोलादी पट्टी खिशात असायची. ती स्टेपलखाली घातली की कागद न फाटता मोकळा व्हायचा. लोक ओढून काढायचे आणि कोपरे गमवायचे, माझा एक कोपरा गेला नाही. नोरीननं पोस्टरं रविवारी संध्याकाळी लावली, मी सोमवारी पहाटे काढली. ऊन लागायला वेळच मिळाला नाही त्यांना!

"सगळी?" कार्मेलानं विचारलं.

"दिसली ती सगळी. चार वाटा पालथ्या घातल्या त्या दिवशी."

तिनं भिंग मिटलं. जाताना "नोरीनबाईंना हे माहीत आहे ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, तिला नाही माहीत, तिच्यासाठी ती गंमत आहे. पोरीला बरं नसावं, चेहरा उतरला होता.

२१ सप्टेंबर, शनिवार

बूनच्या गॅरेजवर गेलो. बून तेव्हा ड्रम बडवायचा, आता फॉल्सम आणि चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करतो. कान निम्मे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"काय म्हाताऱ्या, वाचनालयवाले तुलाच का नाही नेत? तुलाही सत्तेचाळीस वर्षांत ऊन लागलेलं नाही."

त्याला चौतीसची गोष्ट सांगितली. कार्मेलाला सांगितली तशीच, पट्टीसकट. बूननं पाना खाली ठेवला.

"आपण सगळेच काढायचो रे. आवडलं तर एखादं. एखादं, लायल."

"प्रत्येक वेगळं होतं."

"ती नोरीन कधी येतेय म्हणालास?"

"गुरुवारी."

"गोड काहीतरी करून ठेव," बून म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला. त्याला हेवा वाटत असेल. त्यानं स्वतःच्या बँडचं एकही पत्रक ठेवलेलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

घडलं तसं लिहितो, कारण झोप येणार नाही.

नोरीन दुपारी दोनला आली. तीन मजले चढून आली आणि दारात उभं राहून म्हणाली, "तू इथे राहतोस की लपतोस?" केस आता पांढरे आणि बारीक कापलेले, चष्मा गळ्यात, हात मात्र तेच, एकही हालचाल फुकट न घालवणारे. मी सकाळी दालचिनीचे रोल भाजले होते. तिनं अर्धा खाल्ला. चांगला झालाय म्हणाली.

पलंग, टेबल, जमीन, सगळीकडे मी इस्त्रीवाल्या मांडून ठेवल्या होत्या. ती मधोमध उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती बघत होती. एकीजवळ वाकून हसली. "हिच्या वेळी रंगाच्या डब्याची नळी अडकली होती. मी झटकली आणि एकदम भस्सकन उडाला रंग. माझी आई म्हणाली होती, पडदा धुऊन दे." मला वाटलं, आता म्हणेल. ते वाक्य आता येईल.

मग तिनं ती उचलली आणि उलटी केली.

मागे माझं लिहिणं आहे. चांगला संग्राहक मऊ पेन्सिलनं मागच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, कागद कुठे मिळाला, कधी मिळाला. त्याशिवाय कागदाला कुळगोत्र नाही. नोरीननं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "'१५ ऑक्टोबर १९७९, सोमवार. पहाटे ५ वाजून २० मिनिटं. व्हॅलेन्सिया आणि सोळावा रस्ता.'"

दुसरी उलटी केली. पाच पंचवीस, व्हॅलेन्सिया आणि सतरावा. तिसरी. चौथी. मी आधी कौतुकानं ऐकत होतो, कारण इतकी नीट नोंद कोणी ठेवत नाही. दहाव्यानंतर तिनं मोठ्यानं वाचणं बंद केलं, पण उलटणं थांबवलं नाही. चौतिसावी ठेवली तेव्हा खोलीभर फक्त माझं अक्षर वर होतं.

"आम्ही रविवारी लावली होती," ती म्हणाली. "मी आणि माझा भाऊ. चार तास. त्याचा अंगठा सुजला होता स्टेपल गन दाबून."

"ठाऊक आहे. कामावर जाताना पाहिली मी. काय दिसत होती!"

"आणि घरी येताना काढलीस."

"धुकं होतं नोरीन. दोन दिवसांत भिजून लगदा झाला असता."

"प्रदर्शन मंगळवारी सुरू व्हायचं होतं, लायल."

ती खुर्चीवर बसली, कोट अंगावरच होता.

"सहा मी मित्रांच्या हातात दिली होती. ते सहा जण आले. सातवा तू. पाच दिवस, अकरा ते पाच. मी मनाशी ठरवलं होतं, पन्नास जण आले तर कवळ्यांचं काम घ्यायचं नाही. पन्नास म्हणजे काही फार नाही ना? चौतीस खांब होते. खांबामागे दोन माणसं धरली तरी झाले असते."

"मला माहीत नव्हतं, तू असं ठरवलंयस ते."

"तुला कुठून माहीत असणार. आणि मला वाटलं, सगळ्या मिशननं माझं चित्र पाहिलं आणि कोणालाही यावंसं वाटलं नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसलेय. मी तुझ्यावर ओरडतही नाहीये, बघ. मला एवढंच पचत नाहीये, की तुला ती आवडली होती."

"फार आवडली होती."

"हो ना."

त्यावर मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "पण बघ ना, किती छान राहिल्यात."

ती उठली आणि गेली. जिन्यावर तिची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली. अर्धा रोल बशीत तसाच आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिण्यासारखं काही नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस मी स्वतःची वकिली करतोय. मी नसती काढली तर सफाईवाल्यांनी काढली असती. बुधवारपर्यंत कोणा बँडनं आपलं पत्रक वर ठोकलंच असतं. पाऊस होता. त्या काळी खांबावर काही टिकत नव्हतं, हे कोणीही सांगेल.

बूनला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. दोन दिवसच टिकली असती."

मग म्हणाला, "दोन दिवस पुष्कळ होते रे."

कार्मेलाला अजून काही कळवलेलं नाही. कपाटं उघडावीशी वाटत नाहीत. आयुष्यात मी एकच काम नीट केलं असं समजत होतो आणि तेच हे निघालं. पाव तरी लोकांनी खाल्ले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नोरीनचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही.

"सही करते. अट आहे."

"सांग."

"बूनशी बोललेय मी. त्याच्या गॅरेजच्या पुढच्या भागात चौतीसही लाव. पंधरा तारखेला मंगळवार येतोय. मंगळवार ते शनिवार, अकरा ते पाच, दार उघडं ठेवायचं आणि तू दारात खुर्ची टाकून बसायचं. कोणाला सांगायचं नाही. कार्मेलाला नाही, बहिणीला नाही. फोन बघायचा नाही, वाचायचं नाही. माणसं येतायत का ते बघायचं."

"आणि मग?"

"शनिवारी मी येईन. किती आले ते विचारायला."

"शिक्षा आहे का ही?"

"नाही रे. प्रदर्शन आहे."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बूननं सायकली मागे ढकलल्या. मी दोऱ्या ताणून चिमट्यांनी इस्त्रीवाल्या टांगल्या, स्टेपल मारायला हात धजला नाही. इतकी वर्षं मी त्यांना एकेक करून पाहिलं होतं, आडव्या. चौतीस जणी एकदम उभ्या राहिल्या तेव्हा मी उरलेले चिमटे हातातच घेऊन बघत राहिलो. काय केलं होतं या पोरीनं तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी!

अकराला बसलो. पावलं वाजली की सरळ होऊन कॉलर नीट करायचो. पावलं पुढे जायची. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही.

कोणी आलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

टपालवाला आला. त्याला आत जायचं होतं, म्हणजे मोरीत. बाहेर येताना वर पाहून म्हणाला, "या बायका काय विकताय काका?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, बरं.

दुपारी एक कुत्रा आला, मागोमाग त्याची मालकीण. कुत्र्याला सायकलचं चाक आवडलं. बाईनं एकदा चहूकडे पाहिलं, "ओह, मस्त" म्हणाली आणि दोरी ओढली. ते "मस्त" मी संध्याकाळपर्यंत चघळत बसलो. खरंच आवडलं असेल का? की माझं तोंड बघून म्हणाली?

पाठ दुखतेय. बूननं दुसरी खुर्ची आणून ठेवली, "पाहुण्यांसाठी". मेला हसतही नव्हता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज संतापच आला. समोरच्या फुटपाथवरून लोक जातायत, येतायत, केक खातायत, आणि दार सताड उघडं आहे. तीन वाजता चित्रकलेच्या मोठ्या पिशव्या खांद्यावर अडकवलेल्या दोन मुली गेल्या. या बघतील म्हणून मी उठून उभाही राहिलो. त्या आपापसांत हसत निघून गेल्या. मला वाटलं, हसल्या त्या आपल्यालाच. चित्रांना हसल्या. मग विचार केला, त्यांनी कुठे काय पाहिलंय? आत काही आहे हे त्यांच्या गावीही नाही. डोक्याला हे पटतं. दारात बसलेल्या माणसाला पटत नाही.

चार वाजता मी अट मोडली. लिहूनच टाकतो. बूनकडून जाड कागद आणि मार्कर घेतला. एक इस्त्री काढली, ती बदकासारखी झाली. खाली लिहिलं, "आत या. चौतीस बायका वाट बघतायत. फुकट. शनिवारी पाचपर्यंत." बूनची स्टेपल गन घेतली आणि कोपऱ्यावरच्या खांबावर ठोकला. हजारो कागद मी खांबांवरून उतरवले, चढवला हा पहिला. तीनदा मागे सरकून पाहिला. वाकडा होता, पण दिसत होता. रस्ता ओलांडूनही पाहिला, तिथूनही दिसत होता. घरी येताना गुडघे दुखत नव्हते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कागद नाही.

सकाळी पावणेअकराला पोचलो तर खांब मोकळा. चिटोराही राहिलेला नाही. स्टेपलसुद्धा नीट उपसून काढलेत, चारही. वारा असं काढत नाही. पालिकेवाले असं काढत नाहीत, ते खरवडतात.

कोण मेला असा? आणि करणार काय आहे त्या बदकाचं? एकच तर होता! कोणी वाचायच्या आत नेला. शेजारच्या खांबावर हरवलेल्या मांजराचं पत्रक आहे, विम्याचं आहे, ती कोणाला नको आहेत. बूनला विचारलं, तर त्यानं ऐकू येत नसल्याचं सोंग केलं.

दिवसभरात एकच माणूस आला. त्याला ब्रेक बदलून हवा होता.

मी दारात बसून खांबाकडे बघत होतो. पुन्हा दुसरा लिहावा असं मनात आलं, पण हात उचलला नाही. कुठूनतरी हे कळायला लागलं होतं, आणि कळू नये म्हणून मी खांबावरच राग काढत होतो. नोरीनला तेव्हा कोणावर रागावताही आलं नव्हतं. खांब मोकळे झालेत हे तिला कळायला ती दारातून उठली कुठे होती? कोणी आलं तर, म्हणून जागा सोडली नसेल तिनं. मीही चार दिवस जेवायला गेलो नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नोरीन चारच्या सुमाराला आली. तोच कोट, काखेत एक पातळ फाइल. आधी आत गेली आणि प्रत्येकीसमोर उभी राहिली. बून मागून कॉफी घेऊन येत होता, तो तिला पाहून तसाच परत गेला. मग ती दाराशी आली.

"किती?"

"चार."

"कोण कोण?"

"टपालवाला, पण तो मोरीसाठी. एकाला ब्रेक हवा होता. एक बाई. आणि तिचा कुत्रा."

"कुत्रा धरून चार?"

"कुत्रा धरून."

"मला सातजण होते," ती म्हणाली. "आणि सगळे दोन पायांचे."

ती दुसऱ्या खुर्चीत बसली. फाइल मांडीवर उघडली. आत पातळ कागद होता, आणि त्याच्या आत माझं बदक, सपाट, एकही कोपरा न फाटलेलं.

"बूननं सांगितलं, तू लावलायस म्हणून," ती म्हणाली. "काल पहाटेच्या गाडीनं आले. इतका आवडला की राहवलं नाही. आणि धुकं होतं, लायल. भिजला असता."

तिनं तो माझ्या हातात दिला. मी उलटा केला. मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं, बारीक, नीट अक्षरात लिहिलं होतं: "शुक्रवार, १८ ऑक्टोबर. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं. फॉल्सम आणि चोविसावा रस्ता."

मी ते दोनदा वाचलं. मग मला रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी, गॅरेजच्या दारात, रस्त्यावरच्या लोकांसमोर. आणि ते लोक तसेही आत बघत नव्हते. मी म्हटलं, "नोरीन, मला माफ कर." म्हटल्यावर लक्षात आलं की इतक्या दिवसांत हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. पाऊस, धुकं, सफाईवाले, सगळं सांगून झालं होतं.

"बघू," ती म्हणाली. "आपल्या वयात घाई करायला हवी खरी. पण बघू."

मग तिनं कार्मेलाचा अर्ज मागितला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि पेन माझ्या खिशात अडकवलं. मी बदक माझ्याच हातात धरून होतो. तिनं ते हलकेच काढून घेतलं आणि पातळ कागदात पुन्हा गुंडाळलं.

"ते माझं आहे," मी म्हटलं.

"तू खांबावर लावलंस. आता माझ्या संग्रहातलं आहे."

मी निघायला म्हणून उठू लागलो, चिमटे काढायचे होते, इस्त्रीवाल्या उतरवायच्या होत्या. तिनं बाही धरून खाली बसवलं.

"पाचला अजून वीस मिनिटं आहेत."

"आता कोण येणार?"

"शेवटी शेवटी असंच वाटतं. तरी बसायचं."

आम्ही दोघं दार उघडं ठेवून पाच वाजेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही.